खिडकीतली बटई

शाळेत मी सातवीला बी कसं रुजतं ते शिकवतो. ओल्या कापसात मटकी ठेवतो, तिला मोड आले की पोरांकडून आकृती काढून घेतो आणि नावं द्यायला चुकलं की अर्धा गुण कापतो. त्याच मी घरच्या खिडकीत भाजलेले धने पेरले आणि दोन आठवडे त्यांना न चुकता पाणी घातलं. शाळेत ही गोष्ट अजून कुणाला ठाऊक नाही आणि ती तशीच राहिलेली बरी.

जळगाव जामोदला आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. अंगण नाही, गच्चीची किल्ली घरमालकाकडे आणि घरमालक अकोल्याला. पण बैठकीच्या खोलीला दक्षिणेकडे एक लांब खिडकी आहे. तिच्या आतल्या अंगाला कमरेच्या वर येणारा, हातभर रुंद कट्टा आहे. दिवाळीनंतर ऊन तिरपं होतं आणि पार आत येतं, तेव्हा हा कट्टा सकाळपासून तापून असतो. मोबाइलवर एका बाईंना असल्याच खिडकीत कोथिंबीर, पुदिना, मेथी असं काय काय पिकवताना मी पाहिलं आणि सहा कुंड्या घेऊन आलो. बायको तहसील कार्यालयात कारकून आहे, माहेर साखरखेर्ड्याचं, आणि बोलणं मोजकं. ती म्हणाली, "भाजीवाली कोथिंबीर वरून फुकट टाकते. फुकट मिळतं ते घरात कशाला पिकवायचं?" ताजी मिळते म्हणून, असं मी म्हणालो. "मग बाजारातली आणून चार दिवस पिशवीत का कोंबून ठेवता?"

पुदिन्याच्या काड्या खोचल्या, त्यांनी जीव धरला पण मनापासून नाही. मेथी उगवली आणि सडली. कोथिंबिरीच्या तीन कुंड्यांतून तर ढिम्म काही वर आलं नाही. मी मातीला नावं ठेवली, नळाच्या पाण्याला ठेवली, शेजारीच ठेवलेल्या बायकोच्या मनी प्लांटलाही ठेवली. असं सगळं चाललेलं असताना बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ते आमच्याकडे राहायला आले.

बाबा सोनाळ्याला माझ्या धाकट्या भावाबरोबर शेती करतात. मोतीबिंदू झालाय हे आम्हाला कळलं ते बाबा चुकीच्या एसटीत बसले तेव्हा. निघाले होते सोनाळ्याला आणि पोचले भलतीकडे. वर फोनवर म्हणाले, "गाड्यायच्या पाट्या आजकाल लय बारीक लिहून राह्यले." हा उजवा डोळा. डावा आठ वर्षांपूर्वीच गेला, आणि तो कसा गेला हे सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

तेव्हाही ऑपरेशन झालं होतं, चांगलं झालं होतं. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हणून बजावलं होतं. सहाव्या दिवशी सकाळी बाबा दुधाच्या गाडीत बसून शेतात गेले, कारण कपाशीवर फवारणी करायची होती. डोळ्यात काय गेलं कुणास ठाऊक, पण डोळा पिकला आणि हातचा गेला. त्या आठवड्यात मी त्यांच्याजवळ थांबायचं असं ठरलं होतं. मी पेपर तपासायचे म्हणून निघून आलो होतो. नातेवाइकांत मी आजवर "बाबा ऐकतात कुठं" असंच सांगत आलोय. खरं म्हणजे त्यांना अडवायला मी तिथे नव्हतो, आणि हे मला आठ वर्षं खात होतं.

या वेळी डॉक्टर म्हणाले, चाळीस दिवस. वाकायचं नाही, उचलायचं नाही, धूळ नाही, धूर नाही, दिवसातून चार वेळा थेंब. आता हा एकच डोळा आहे, हे त्यांनी मला बाजूला घेऊन दोनदा सांगितलं. मी मान हलवली आणि मनात म्हणालो, चाळीस दिवस या माणसाला दुसऱ्या मजल्यावर ठेवायचं तरी कसं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा काळा चष्मा लावून, खांद्याला थैली अडकवून दारात उभे होते.

"हरभरा पेराचा राह्यला," ते म्हणाले.

"धाकटा आहे ना."

"त्याले काय येते बे? एका हातात मोबाइल धरून पेरते तो. तास पाह्य त्याचे, सापावानी वाकडे."

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. बाबा भांडले नाहीत. टोपी खिडकीच्या कट्ट्यावर राहिली होती, ती घ्यायला गेले. कुंडीला हात लागला म्हणून त्यांनी सवयीने बोट मातीत घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. मातीतून एक धना वर काढला, धोतराला पुसला आणि दाताखाली धरला. थोडा वेळ चावत राहिले.

"बाई," त्यांनी सुनेला हाक मारली, "याले धने कोनत्या डब्यातले देल्ले?"

"काळ्या मसाल्याच्या, मामाजी. किडू नयेत म्हणून भाजून ठेवले होते."

बाबा माझ्याकडे वळले. ते मला एरवी काहीही म्हणत असले तरी अपमान करायचा असला की मास्तर म्हणतात. "मास्तर," ते म्हणाले, आणि थैली खांद्याला तशीच ठेवून दिवाणावर बसून हसत सुटले. डोळ्यावर ताण येऊ द्यायचा नाही असं डॉक्टर म्हणाले होते, हसण्याचं मात्र विचारायचं राहून गेलं होतं. बायकोनेही तोंडाला पदर लावला. मी लाजेने इतका लाल झालो की रागात बोलून गेलो, "मग तुम्हीच घ्या ना बटईनं."

बटई म्हणजे जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे आणि पीक निम्मं निम्मं. मी टोमणा मारला होता, पण बाबांचं हसू एकदम थांबलं. बटई हा आमच्याकडे थट्टेचा विषय नाही. बटईने घेतलेलं उभं पीक टाकून कुणी उठून जात नाही. एकदा एक जण बाबांची तूर शेंगांवर असताना सोडून गेला होता, तर त्याच्या घरचा चहा बाबा पुढे कित्येक वर्षं प्यायले नाहीत. हे मला आठवलं, आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. कट्टा कमरेच्या वर होता. वाकायला नको, उचलायला नको.

"बियानं कोनाचं?" बाबांनी विचारलं. थैली त्यांनी खाली ठेवली होती.

"निम्मं निम्मं."

"नाई. मालकाचं बियानं भाजेल निंघालं, म्हनून यंदा पुरं मालकाचं. पानी?"

"नळाचं. मालकाचं."

"मंग ठीक हाय. पन कागद कर. बापलेकात बोलाचाली नको."

कागद बायकोने केला. तिचा रोजचाच हात. "मौजे बैठकीची खोली येथील कट्टा, लांबी साडेपाच फूट. चतुःसीमा: पूर्वेस फ्रीज, पश्चिमेस मनी प्लांट, दक्षिणेस लोखंडी ग्रील, उत्तरेस दिवाण." खाली अटी. पीक निघेपर्यंत बटईदाराने जागा सोडू नये. बटईदाराने वाकू नये. डोळ्यात चार वेळा थेंब घालून घेणे हा बटईचाच भाग समजण्यात यावा. बाबांनी सगळं वाचून घेतलं, मनी प्लांटचा धुरा, म्हणजे बांध, नेमका कुठून धरायचा ते बोटाने दाखवून घेतलं, आणि मग सही केली. मी मालक म्हणून सही केली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावावर काही जमीन झाली होती.

पहिला वाद कुंड्यांवरून झाला. "गोल वावर कुठं असते का बे?" बाबा म्हणाले. तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, सरळ पाडायचे तर वावर चौकोनी पाहिजे. शेवटी मिठाईच्या दुकानातून प्लास्टिकचे चार चौकोनी डबे आणले, त्यांना मी खालून भोकं पाडली. माती मी बाहेरच्या सामाईक गॅलरीत भिजवून भरली, बाबा आतून काचेवर टकटक करून चुका काढत होते. दुसरा वाद धन्यांवरून. धना अख्खा पेरला तर नीट उगवत नाही, आधी रगडून त्याच्या दोन डाळी कराव्या लागतात. आमच्याकडे हे काम चपलेने करतात. बायको म्हणाली, घरात चप्पल चालणार नाही. बाबा म्हणाले, मग पोळपाट दे. तिने तो दिला आणि त्या दिवसापासून पोळ्यांना नवा पोळपाट आला.

पेन्सिलीने तास पाडले. दोन तासांत दोन बोटांचं अंतर. मी सातवीत शिकवतो त्यातलं त्यांना काही माहीत नव्हतं आणि त्यांना माहीत होतं त्यातलं माझ्या पुस्तकात काही नव्हतं. रोज सकाळी ते धाकट्याला फोन करून हरभऱ्याची चौकशी करत आणि मग इकडची खबर देत. धाकट्याने विचारलं, तुमी काय पेरलं तिथं? बाबा गंभीरपणे म्हणाले, "बागायत हाय."

एकदा धाकट्याने सोनाळ्याच्या एसटीतून शेणखताची गोणी पाठवून दिली. कंडक्टरने ती माझ्या हवाली करताना जे तोंड केलं ते मी विसरणार नाही. ती गोणी बायकोने उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. धूळ आहे, म्हणाली, डोळ्याला चालायची नाही. त्याऐवजी तिने चहाचा धुतलेला गाळ दिला. बाबांनी नाक मुरडलं, पण पिकासाठी म्हणून दिवसाचे चहा वाढवले. आम्ही तिघंही त्या महिन्यात पिकापायी चहा पीत होतो.

पहिले दिवस त्यांना फारसं दिसत नव्हतं. डोळ्यासमोर धुकं हाय, म्हणायचे. सकाळी उठले की डब्यापाशी उभे राहून मला विचारायचे, "निंघालं का?" नाही म्हटलं की परत दिवाणावर जाऊन बसायचे. तो प्रश्न त्यांच्यासाठी धन्याचा होता आणि माझ्यासाठी डोळ्याचा. नवव्या दिवशी माती जरा उकलली. मी सांगितलं तर त्यांना पटेना. बोटाचा शेंडा मातीवरून हलकेच फिरवून त्यांनी मोड मोजले आणि म्हणाले, "पह्यल्या डब्यात अकरा." मी मोजले, अकराच होते. मग आठवड्याभराने एकदा म्हणाले, "हिरवं दिसून राह्यलं थोडसं." मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हे दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तिने ऐकलं होतं, तरी मी दुसऱ्यांदा सांगितलं.

पीक वर आलं तशी राखण सुरू झाली. ग्रीलला जाळी होती, पाखरू आत येणं शक्य नव्हतं, तेव्हा राखण राहिली ती फक्त आमच्यापासून. एका संध्याकाळी बायको ऑफिसातून आली, वरणाला फोडणी दिली आणि सवयीने कट्ट्याकडे हात नेला.

"बाई," दिवाणावरून आवाज आला, "पीक उभं हाय."

तिने हात मागे घेतला. मग मी पिशवी घेऊन खाली बाजारात गेलो आणि कोथिंबीर घेऊन आलो. आमच्याकडे तिला सांबार म्हणतात. भाजीवालीला मी घरच्या खिडकीतल्या सांबाराबद्दल मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं. तिने जुडी पिशवीत टाकताना विचारलं, "घरचा संपला का गुरुजी?" मी म्हणालो, अजून काढणीला आला नाही. महिना होत आला तरी मी तिच्याकडून सांबार नेत होतो आणि ती दर वेळी तेच विचारत होती.

आणि इथेच माझी पंचाईत झाली. चाळीस दिवसांचा हिशेब मी धरला होता, पण सांबार महिन्याभरात काढणीला येतो हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ऑपरेशनच्या तेहेतिसाव्या दिवशी बाबांनी पीक चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, "परवा काढू. मंग मी सोनाळ्याले जातो. कपाशीचा दुसरा वेचा चालू हाय."

कपाशीची वेचणी म्हणजे धूळ. पाच दिवस कमी पडत होते. मी डॉक्टरांचं नाव काढलं, तर म्हणाले, बटई सरली, आता कशाला थांबू. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आठ वर्षांपूर्वीची ती दुधाची गाडी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळीला गेले तेव्हा मी कैची घेतली. तिसऱ्या डब्यातलं, ग्रीलच्या अंगाचं पीक सगळ्यात जोमदार होतं. तेवढ्यावरून त्यांनी काढणी ठरवली होती. त्याचे शेंडे मी दोन बोटं छाटले, म्हणजे पीक जरा मागे दिसेल आणि चार दिवस तरी मिळतील, असा माझा शास्त्रीय विचार होता. छाटलेलं लपवायला जागा सुचेना, म्हणून शाळेच्या डब्यातल्या पोह्यांवर घालून टाकलं. कैची जागच्या जागी ठेवली आणि पेपर उघडून बसलो.

बाबा बाहेर आले. दिवाणावर बसले. खोलीत ऊन आलं होतं. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीकडे पाहिलं. दिवाण आणि खिडकीत चांगलं आठ-नऊ फुटांचं अंतर आहे.

"तिसऱ्या डब्यातलं कोनं कापलं?"

"काय कापलं?"

"त्या कोपऱ्यातले शेंडे. आन् बोटानं खुडेल नाई. कैची लागली हाय, एकसारकं कापेल दिसून राह्यलं."

मी उठून खिडकीपाशी गेलो. मीच कापलेले शेंडे मला दिसेनात. खिशातून चष्मा काढून लावला, वाकलो, तेव्हा कुठे दिसले. मग जे कळायचं ते मला कळलं. चोरी पकडली गेली होती आणि मला नाचावंसं वाटत होतं. स्वयंपाकघराच्या दारात बायको हातात झारा घेऊन उभी होती. तिच्याही लक्षात आलं होतं.

"मामाजी," ती म्हणाली, "तुम्हाला तिथून दिसलं?"

"दिसलं म्हंजे? मी काय आंधया हाय?" बाबा चिडून म्हणाले. मग स्वतःच जरा थांबले. खिडकीकडे पाहिलं, मनी प्लांटकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि त्यावरची चतुर्थी वाचून दाखवली. मी पोह्यांचा डबा आणून त्यांच्यापुढे उघडून धरला आणि म्हणालो, मीच कापलं.

"काऊन?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून. मागच्या खेपेला मी थांबलो नाही."

त्यांनी पोह्यांवरचं एक पान उचलून तोंडात टाकलं. "मालकच चोर निंघाला," ते सुनेला म्हणाले. "आता असं तुटकं पीक वाटून देनं म्हंजे गावात तोंड दाखवाले जागा नाई. हे भरून निंघू दे. तवरक मी कुठं जात नाई."

भरून निघायला आठ दिवस लागले. मधल्या काळात डॉक्टरांनी डोळा तपासला. बाबांनी भिंतीवरचा तक्ता शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचला. शेवटची ओळ वाचता आली नाही, पण तिची छपाईच खराब आहे असं त्यांनी डॉक्टरांना ऐकवलं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, आता शेतात जायला हरकत नाही, चष्मा तेवढा लावा. परत येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो, कारण मला रडू येत होतं आणि बाजूला बाबा प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्याने वाचत होते.

काढणी रविवारी सकाळी झाली. वाटणीची आमच्याकडे एक रीत आहे. दोन ढीग बटईदाराने घालायचे आणि पहिला ढीग मालकाने उचलायचा. मग ढीग घालणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. बाबांनी कट्ट्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि काडी काडी मोजून दोन ढीग घातले. त्यांनी आयुष्यभर सोयाबीनचे, तुरीचे ढीग घातलेले मी पाहिलेत, कधी कुणाला शब्द बोलायला जागा ठेवली नाही. या दोन ढिगांत मात्र एक सरळसरळ मोठा होता. पुदिन्याचे चार शेंडेही त्याच्यावरच ठेवले होते.

"उचल," ते म्हणाले.

त्यांची थैली दारात भरून ठेवलेली होती. मी लहान ढीग उचलला.

"ठेव खाली," बाबा म्हणाले. "मोठा तो हाय. तुले दिसत नाई का बे?"

त्या वेळी मला खरंच नीट दिसत नव्हतं, पण ते मी कबूल केलं नाही. लहान ढीग खाली ठेवला आणि मोठा उचलला. बाबांनी आपला ढीग ओल्या फडक्यात बांधला, थैलीत सगळ्यात वर ठेवला आणि टोपी घातली.

"सुट्टी पाहून तूबी डोये तपासून घे," ते म्हणाले.